सिस्टीमने पाठवलेली माफी

"मॅडम, उद्या ट्रॅक्टर पुढच्या गेटनं आत घेऊ का मांगच्या?"

शनिवारी सकाळी नानांचा फोन आला, तेव्हा मी जळगावच्या ऑफिसात चहा घेत होते. नाना म्हणजे मुक्ताईनगरकडच्या एका शेतकरी कंपनीचे चेअरमन. केळी, नानांच्या बोलीत केयी, पिकवणाऱ्यांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी. त्यांच्यासाठी आम्ही पॅकहाऊस आणि कोल्ड स्टोरेज उभारत होतो. मी आमच्याकडची प्रोजेक्ट हेड.

"कसले ट्रॅक्टर, नाना?"

"केयीचे, अजून कसले? उद्या सकायपासून कापनी लावली ना आमी. बाहेर देशी जानारा कंटेनर बी सांगून ठेवला."

"उद्यापासून? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या सायबाचा मेल आला ना. रविवारपासून माल आना, सगळं तयार आहे म्हने."

मी नानांना म्हटलं, गेटचं मी बघून सांगते. फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. आमच्या डॅशबोर्डवर मुक्ताईनगरचा प्रोजेक्ट हिरवागार होता. एकही पिवळा ठिपका नाही. ते बघूनच मला शंका आली. तीस वर्षांच्या नोकरीत मी एकही बांधकाम असं पाहिलेलं नाही, ज्यात शेवटच्या आठवड्यात काही अडलेलं नसतं.

हा डॅशबोर्ड काय प्रकार होता ते सांगायला हवं.

आमचे मालक समीर सर. वडिलांनी वेल्डिंगच्या दुकानापासून उभी केलेली कंपनी त्यांच्याकडे आली. माणूस वाईट नव्हता. फक्त कोणाशी नजरेला नजर भिडवून बोलायची वेळ आली की त्यांना घाम फुटायचा. मजुरांचा संप असो की क्लायंटची तक्रार, ते मला पुढे करायचे. मग ते पुण्याला लीडरशिपवरच्या एका कार्यक्रमाला गेले आणि येताना एक एआय सॉफ्टवेअर घेऊन आले. सोबत ते विकणारा कन्सल्टंटही आला. दोन दिवस त्याने आम्हाला शिकवलं, की जुना मॅनेजर माणसांना विचारत बसतो आणि नवा मॅनेजर डेटाला विचारतो. समीर सर पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. माणसांना विचारायची गरज नाही, एवढी गोड बातमी त्यांना आयुष्यात कोणी दिली नव्हती.

व्यवस्था अशी होती. साइटवरच्या इंजिनिअरने रोज संध्याकाळी फोनवर बोलून रिपोर्ट पाठवायचा. एआय तो ऐकणार, समजून घेणार, कोणतं काम झालं कोणतं राहिलं ते ठरवणार. मग प्रोजेक्टला रंग मिळणार. हिरवा म्हणजे सगळं वेळेवर. पिवळा म्हणजे लक्ष द्या. लाल झालं की साइट इंजिनिअरला आपोआप मेल जाणार, "आपल्या कामगिरीत घसरण दिसून येत आहे." क्लायंटची पत्रंसुद्धा तेच लिहिणार. खाली सही समीर सरांची.

मी काही या यंत्रांच्या विरोधात नाही. ड्रॉइंगवरून मटेरियलचा हिशेब काढायला मी स्वतः एआय वापरते. दोन माणसांचं आठवड्याचं काम दुपारपर्यंत होतं, आणि मग मी ते तपासते. पण आमच्याकडे तपासणं हाच मागासलेपणा ठरला. सोमवारची मीटिंग बंद झाली. त्याऐवजी सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर सारांश यायचा, शेवटी एक स्फूर्तिदायक वाक्य जोडून. साइटवर जायला गाडी मागितली की समीर सर म्हणायचे, "मॅडम, डॅशबोर्ड आहे ना. डिझेल कशाला जाळता?"

त्या शनिवारी मी न विचारता गाडी काढली.

वरणगाव ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या. घड लगडलेले होते. निर्यातीची केळी कापायचा एक नेमका टप्पा असतो. माल पूर्ण भरलेला हवा, पण रंग हिरवा हवा. कापल्यावर त्यात बागेतली उष्णता असते. ती काही तासांत थंड खोलीत नेऊन काढावी लागते. त्याला प्री-कूलिंग म्हणतात. ते झालं नाही तर केळी वाटेतच पिकायला लागते, आणि कंटेनर आखातातल्या बंदरावर उघडतात तेव्हा आत पिवळा लगदा असतो. थोडक्यात, खोली तयार नसताना घड कापला तर तो परत झाडाला लावता येत नाही.

साइटवर शेड उभी होती, पॅनेल बसले होते, कॉम्प्रेसर चकाचक होते. कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मर होता. त्याच्या जाळीच्या दाराला कुलूप होतं आणि आत शांतता होती. चालू ट्रान्सफॉर्मर बारीक गुणगुणतो. हा मुका होता.

प्रवीण पळत आला. प्रवीण आमचा साइट इंजिनिअर, साक्रीकडचा. दोन मुलांचा बाप, कामाला चोख. ऑफिसात तो आमच्यासारखंच बोलायचा. घाबरला की अहिराणीवर यायचा.

"चार्जिंग झालं?" मी विचारलं. चार्जिंग म्हणजे ट्रान्सफॉर्मरमध्ये पहिल्यांदा वीज सोडणं. त्याआधी सरकारी विद्युत निरीक्षक येऊन तपासणी करतात. त्यांच्या परवानगीशिवाय बटणाला हात लावता येत नाही.

"नाही मॅडम. निरीक्षक अजून आलेच नाहीत. पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले."

"मग डॅशबोर्डवर झालं कसं?"

त्याने मोबाइल काढला आणि स्वतःचाच आवाज मला ऐकवला. "ट्रान्सफॉर्मरचं बोलणं झालं. चार्जिंगचंपण बोलणं झालं." खाली एआयने काढलेला सारांश होता. ट्रान्सफॉर्मर: पूर्ण. चार्जिंग: पूर्ण.

मराठीत बोलणं झालं म्हणजे काम झालं, असं आपल्यातलं शेंबडं पोरही समजणार नाही. त्या यंत्राने "झालं" एवढंच उचललं होतं.

"तू दुरुस्त का नाही केलंस?"

"केलं ना मॅडम. दुसऱ्या दिवशी सांगितलं की चार्जिंग बाकी आहे. मग ते लाल झालं. मला मेल आला, तुमच्या रिपोर्टमध्ये विसंगती आहे, वार्षिक मूल्यांकनात नोंद होईल." तो थांबला. मग त्याचा तोल सुटला. "मी काय करू मॅडम? खरं सांगं तं लाल व्हस. लाल व्हयनं का माले मेल येस. मंग मी बोलणंच बंद करं. बठ्ठं हिरवं शे आते. देखी ल्या."

खरं सांगितलं की लाल होतं, लाल झालं की मेल येतो, म्हणून बोलणंच बंद केलं; सगळं हिरवं आहे आता, बघून घ्या. मी बघितलं. त्याच्यावर ओरडायचं मनात आलं होतं, ते गिळलं. खरं सांगितल्याबद्दल शिक्षा देणारी व्यवस्था बसवली, की लोक खोटं बोलत नाहीत, गप्प बसतात. आणि अडचणीचा उल्लेख नसला की ते यंत्र प्रोजेक्ट परत हिरवा करायचं; गप्प बसलेल्या माणसाचा रंग त्यात हिरवा होता.

ट्रान्सफॉर्मरसमोर उभं राहूनच मी समीर सरांना फोन लावला.

"सर, मुक्ताईनगरचं चार्जिंग झालेलं नाही. उद्याची कापणी थांबवावी लागेल."

"झालंय की. डॅशबोर्डवर आहे."

"सर, मी ट्रान्सफॉर्मरसमोर उभी आहे. तो बंद आहे."

"अहो मॅडम, तुम्ही एका जागी उभ्या आहात. सिस्टीम पूर्ण प्रोजेक्ट बघते."

मी क्षणभर फोन कानापासून लांब धरला. पलीकडे हा माणूस गंभीरपणे बोलत होता.

"सर, नानांना तुमच्या सहीने मेल गेलाय. तुम्ही वाचला होता का तो?"

"मेल सिस्टीम पाठवते. रोज इतके जातात, मी वाचत बसलो तर लीडरशिप कधी करू?"

"मग आता तुम्ही त्यांना फोन करा. खोली तयार नाही, कापू नका, एवढं सांगा. एक मिनिटाचं काम आहे."

"थांबा, विचारतो." मला वाटलं नानांना विचारतो म्हणाले. पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. ते सिस्टीमला विचारत होते. मग त्यांनी मला वाचून दाखवलं, "क्लायंटशी संवाद सकारात्मक ठेवावा. निश्चित माहितीअभावी विलंबाचा उल्लेख टाळावा." आणि वर म्हणाले, "बघा. घाई नको. सोमवारी रिव्ह्यू करू."

"सोमवारी केळी कापून झालेली असेल, सर."

"मॅडम, तुम्ही परस्पर क्लायंटशी बोललात, तर ते कंपनीच्या पॉलिसीच्या बाहेर जाईल. मग मला नाइलाजाने ॲक्शन घ्यावी लागेल."

"घ्या," मी म्हटलं आणि फोन ठेवला. निवृत्तीला फार वर्षं राहिली नव्हती, घरात धाकटीचं शिक्षण चालू होतं. हे सगळं त्या क्षणी आठवलंच. पण रस्त्याच्या पलीकडच्या बागेत हलणारी पानं दिसत होती आणि ती पानं पॉलिसी वाचून थांबणार नव्हती.

नाना त्यांच्या मळ्यातच भेटले. मी गाडीतून उतरल्या उतरल्या सांगितलं.

"नाना, उद्या कापू नका. वीज आलेली नाही. मेल चुकीचा आहे."

"चुकीचा म्हंजे?"

"खोटा समजा."

त्यांनी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. खिशातून फोन काढून ते एकेकाला लावत गेले. कोणाला समजावलं, कोणावर ओरडले. मजुरांच्या मुकादमाला थांबवलं, कंटेनरवाल्याला थांबवलं. मग एक फोन ठेवून ते माझ्याकडे वळले.

"कमलअक्काची कापनी आजच लागली," ते मला म्हणाले. "तिचे मजूर उद्या लग्नाले चालले. म्हनून तिनं आज सकायीच लावले, खोली तयारच आहे म्हने. अर्धी बाग खाली आली."

आम्ही तिथे गेलो. कमलअक्का साठीच्या, उंच, डोक्याला टॉवेल बांधलेल्या. बाग त्या स्वतः बघायच्या. एकेका घडाला कागद गुंडाळून, डाग पडू न देता वाढवलेला माल. तो आता फोमच्या गाद्यांवर ओळीने निजवून ठेवला होता. मी सांगितलं तसं त्यांनी हात वर करून मजुरांना थांबवलं. कोयते थांबले. अक्का एका घडापाशी बसल्या आणि त्यावरून हात फिरवला.

"एक दिवस आधी सांगितलं असतं, मॅडम," एवढंच बोलल्या.

संध्याकाळपर्यंत नानांनी स्थानिक व्यापारी गाठला. आखातात जायचा माल लोकल गाडीत, गवतावर रचून गेला. अक्का गाडी भरेपर्यंत उभ्या होत्या. मी पण उभी राहिले. निघावंसं वाटत नव्हतं आणि थांबून उपयोगही नव्हता.

परतताना मी भुसावळच्या ओळखीच्या जनरेटरवाल्याला फोन केला. कॉम्प्रेसर ओढेल एवढा मोठा जनरेटर त्याच्याकडे होता. निरीक्षक येईपर्यंत भाड्याने लावता आला असता. फक्त समीर सरांची मंजुरी हवी होती. मी मेसेज टाकला. उत्तर लगेच आलं, "आपली सूचना मौल्यवान आहे. तिचा योग्य तो विचार केला जाईल." हे सरांनी लिहिलेलं नव्हतं हे कळायला इंजिनिअर असायची गरज नव्हती.

सोमवारी नाना आणि कमलअक्का जळगावला ऑफिसात आले. आधी कळवलं नव्हतं. रिसेप्शनच्या मुलीने अपॉइंटमेंट विचारली. नाना म्हणाले, "केयीनं घेतली होती का?" आणि सरळ केबिनमध्ये आले. मला समीर सरांनी आधीच बोलावून ठेवलं होतं. माझ्यावरच्या ॲक्शनबद्दल बोलायचं होतं. त्यामुळे पुढचं सगळं मी समोर बसून पाहिलं.

नानांनी मोबाइलवरचा मेल टेबलावर ठेवला.

"हे कोनी लिहिलं?"

"नाना, ते सिस्टीम जनरेटेड आहे," समीर सर म्हणाले.

"मराठीत सांगा."

"म्हणजे, आमची एआय सिस्टीम डेटा बघून आपोआप तयार करते."

"खाली नाव कोनाचं आहे?"

"नाव माझं आहे, पण—"

"मंग बोलवा त्या सिस्टीमले," नाना म्हणाले. "आमी दोघं इतक्या लांबून आलो. ती आमाले भेटन तं खरं."

समीर सरांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. पंधरा वर्षं मी ती बघून पुढे होत आले होते. या वेळी मी खिडकीबाहेर बघितलं.

ते लॅपटॉपकडे वळले. काहीतरी टाइप करू लागले. आम्हाला वाटलं, प्रोजेक्टची माहिती काढतायत. मग नानांचा फोन टिंग करून वाजला. नानांनी तो उचलला, चष्मा वर केला आणि मोठ्याने वाचायला लागले.

"आदरणीय ग्राहक, आपणास झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत. आपल्या भावना आम्ही समजू शकतो. आपला विश्वास हीच आमची प्रेरणा..."

नाना थांबले. फोनकडे बघितलं, समोर बसलेल्या समीर सरांकडे बघितलं. दोघांमध्ये टेबलाची रुंदी होती.

"हे आत्ता तुम्ही धाडलं?"

समीर सरांनी मान हलवली. चेहऱ्यावर काम पूर्ण केल्याचा भाव होता.

तोवर गप्प असलेल्या कमलअक्का खुर्चीत पुढे सरकल्या. आवाज चढवला नाही.

"बापू, माझी अर्धी बाग गेली. तू माझ्यासमोर बसला. तुले तोंड आहे. तोंडानं म्हन ना, चुकलं."

समीर सरांचे ओठ हलले. कपाळावर घाम आला होता. त्यांनी एकदा लॅपटॉपकडे पाहिलं, आणि शपथेवर सांगते, हात कीबोर्डकडे गेला. अक्कांनी उठून लॅपटॉपचं झाकण हळूच मिटलं. घरात उघडं राहिलेलं भांडं झाकावं, तसं.

समीर सरांनी रुमालाने कपाळ पुसलं.

"चुकलं," समीर सर म्हणाले. ऐकू येईल न येईल इतकं हळू.

"बस," अक्का म्हणाल्या. "आता बाकीच्या लोकांच्या मालाचं काय ते सांग."

तेव्हा मी तोंड उघडलं. जनरेटर भुसावळला तयार आहे, तुम्ही हो म्हणालात तर संध्याकाळपर्यंत साइटवर उभा राहील, असं सांगितलं. समीर सर मिटलेल्या लॅपटॉपकडे बघत बसले. नाना म्हणाले, "त्यात काय लिहिलं असन? हो म्हना नाहीतं नाही म्हना."

"हो," ते म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतः घेतलेला तो पहिला निर्णय असावा. एका अक्षराचा होता.

जनरेटर त्याच दिवशी गेला. खोल्या थंड व्हायला दुसरा दिवस लागला. मग कापणी पुन्हा लागली आणि कंटेनर नीट रवाना झाला. पोचल्यावर माल हिरवाच निघाला, असा नानांचा फोन आला. निरीक्षक त्यांच्या सवडीने आले, चार्जिंग झालं. कमलअक्कांचं नुकसान कंपनीने भरून दिलं. ते मिळवायला मला अकाउंट्सशी जेवढं भांडावं लागलं, तेवढं सगळा प्रोजेक्ट उभारताना लागलं नव्हतं.

आता कोणाला वाटेल, यातून समीर सर शहाणे झाले असतील. त्यांनी सिस्टीमचं महागडं व्हर्जन घेतलं. आधीच्या व्हर्जनला खानदेशातलं बोलणं कळत नव्हतं, नव्याला कळेल, असं कन्सल्टंटने सांगितलं. प्रवीणची बदली झाली. "संवाद कौशल्यात सुधारणा आवश्यक" असा शेरा त्याला मिळाला. जो एकटा माणूस खरं बोलून पाहत होता, त्याला. माझ्या मूल्यांकनात लिहून आलं, "सकारात्मकता कमी. बदलाला विरोध." खाली समीर सरांची सही होती. त्यांनी ते वाचलं होतं का, हे विचारायचा मला कंटाळा आला. मी राजीनामा दिला. राजीनामा हाताने लिहून, त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्यांनी तो घेतला आणि म्हणाले, "मेल केला असता तरी चाललं असतं."

प्रवीणनेही पुढे नोकरी सोडली. आता तो धुळ्यात स्वतःची छोटी कामं घेतो. मी त्याची ड्रॉइंग तपासून देते आणि आठवड्यातून दोनदा धुळ्याच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकवते. गेल्या सेमिस्टरला कॉलेजने पाहुणे वक्ते बोलावले. विषय, "एआयच्या युगातील नेतृत्व." वक्ते, समीर सर. मी मागच्या रांगेत बसले. पडद्यावर मुक्ताईनगरचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, की एआयमुळे संभाव्य संकट वेळीच ओळखून टाळता आलं. टाळ्या पडल्या. भाषण त्यांनी स्क्रीनवरून वाचून दाखवलं. प्रश्नोत्तरांना वेळ नव्हता, त्यांना पुढच्या कॉलेजात जायचं होतं.

भाषण संपल्यावर माझी एक विद्यार्थिनी जिन्यात थांबली. एरंडोलची मुलगी, वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी. म्हणाली, "मॅडम, वेळापत्रक एआय करणार, रिपोर्ट एआय लिहिणार, पत्रं एआय पाठवणार. मग मॅनेजरला काम काय उरलं?"

"वाईट बातमी असेल, ती समोर जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगायची," मी म्हटलं. "ते काम आधीही फार थोडे लोक करायचे. त्यामुळे जागा भरपूर आहेत."